घटनादुरुस्तीचा प्रस्ताव कोण मांडू शकतो? पात्रता, कागदपत्रे आणि मतांचा हिशोब

मोर्चा कुठलाही असो, निवेदनात ‘घटनादुरुस्ती करा’ ही मागणी आता हमखास असते. निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, पोच मिळते आणि गाडी तिथेच थांबते. कारण कलम ३६८ नुसार दुरुस्तीची सुरुवात फक्त संसदेत विधेयक मांडूनच होते, मग ती लोकसभा असो वा राज्यसभा. मांडणारा मंत्री किंवा खासदारच हवा. विधानसभेने एकमताने ठराव केला तरी ती केंद्राला केलेली शिफारसच.

मंत्री नसलेल्या खासदाराचे ते खासगी विधेयक. त्यासाठी महिनाभर आधी नोटीस, विधेयकाचा मसुदा, उद्देश व कारणांचे निवेदन आणि सरकारी तिजोरीवर भार पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन लागते. लोकसभेत अशा विधेयकाची आधी समितीकडून छाननी होते. मात्र १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, त्यामुळे खरा जोर सरकारला पटवण्यावरच लावावा.

सामान्य नागरिकाला लोकसभेकडे याचिका करता येते. त्यावर नाव, पत्ता, सही हवी. मजकूर मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही सही करायची. प्रतिज्ञापत्रे, पत्रे वगैरे काहीही सोबत जोडायचे नाही. आपल्याकडे फाइल जाड करायची सवय, म्हणून मुद्दाम सांगितले. अर्थात याचिका म्हणजे विधेयक नव्हे.

विधेयक मांडायला साधे बहुमत पुरते. डिसेंबर २०२४ मध्ये ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक लोकसभेत २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडले गेले. मंजुरीच्या वेळी हेच आकडे अपुरे पडले असते. तेव्हा एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे या ४६७ मतांत ३१२, अशा दोन्ही अटी पाळाव्या लागतात. दोन्ही सभागृहांत वेगवेगळ्या. सभागृहांत मतभेद झाला तर दोघांना एकत्र बसवून मतदान घ्यायची, म्हणजे संयुक्त बैठकीची, पळवाट इथे नाही.

राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये, केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी असे विषय असले तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. जीएसटीच्या वेळी, ऑगस्ट २०१६ मध्ये, महाराष्ट्राने ती विशेष अधिवेशन घेऊन दिली होती. शेवटी राष्ट्रपतींची सही. ती १९७१ च्या २४व्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे.