मासा स्वतःहून मादी होतो तेव्हा आणि सांडपाणी त्याला बदलतं तेव्हा

समुद्रातले मासे एरवीही नराचे मादी होतात, मग रसायनांमुळे झाले तर काय बिघडलं? हा प्रश्न अनेकदा ऐकू येतो आणि ऐकला की जीव खालीवर होतो, कारण इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात.

विदूषक माशाचं उदाहरण घ्या. एका समुद्रफुलाच्या आश्रयाला राहणाऱ्या छोट्या गटात सगळ्यात मोठा मासा मादी असतो आणि त्याखालचा तिचा जोडीदार नर. बाकीचे अजून वयात आलेले नसतात. मादी मेली की तिचा जोडीदारच मादी होतो. जिताडाही आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हेकरूच्या अनेक जातींत क्रम उलटा, आधी मादी मग नर. हा बदल माशाच्या स्वतःच्या संप्रेरकांनी घडतो: वृषणातली ऊती विरत जाते, अंडाशय तयार होतो आणि शेवटी खरोखर अंडी घालणारी मादी उभी राहते.

फ्लाउंडर या चपट्या माशाचं तसं नाही. त्याचा नर जन्मभर नरच. तरी 1990 च्या दशकात ब्रिटनमधल्या मर्सी आणि टाइन या नद्यांच्या मुखांशी पकडलेल्या नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडलं. अंड्यातला बलक ज्यापासून बनतो ते हे प्रथिन. ते बनवणारं जनुक नरातही असतं, पण एरवी गप्प असतं. इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखं रसायन यकृतापर्यंत पोचलं की ते जागं होतं. सांडपाण्यात अशी रसायनं भरपूर: शरीरातून बाहेर पडणारं नैसर्गिक इस्ट्रोजेन, गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनिलइस्ट्राडायॉल, काही डिटर्जंटांपासून तयार होणारं नोनिलफेनॉल. काही नरांच्या वृषणाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर शुक्राणूंच्या बारीक दाटीत मधेच मोठ्या गोल अंडपेशी दिसल्या. असा मासा मादी झालेला नसतो. त्या अंडपेशींतून पिल्लं होत नाहीत, आणि नर म्हणूनही त्याची क्षमता घटू शकते.

याने माशांची संख्या खरंच घटते का? कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 या काळात इथिनिलइस्ट्राडायॉल मुद्दाम सोडलं गेलं, लिटरमागे जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशांची संख्या जवळपास कोसळली. तलाव म्हणजे समुद्र नव्हे हे खरं, पण इतक्या कमी मात्रेचा हा परिणाम मला हादरवतो.

परिणाम नेहमी मादीकडेच झुकतो असंही नाही. स्वीडनच्या किनाऱ्यावर कागदाच्या लगद्याच्या कारखान्याजवळ, ईलपाउट या पिल्लं देणाऱ्या माशाच्या पोटातल्या भ्रूणांत नरांचं प्रमाण जास्त आढळलं होतं.

खरी अडचण पुढे आहे. नैसर्गिक बदलाच्या मधल्या टप्प्यावरही एकाच प्रजनन ग्रंथीत वृषण आणि अंडाशय अशा दोन्ही ऊती दिसतात. त्यामुळे काप पाहण्याआधी जात कोणती हे विचारावं लागतं. प्रदूषणावर नजर ठेवायला फ्लाउंडर, ईलपाउट असे लिंग न बदलणारे मासे सोयीचे, ते यामुळेच. मात्र हेकरूसारख्या माशांचा नैसर्गिक बदलही इस्ट्रोजेनच्या पातळीवरच चालतो. बाहेरच्या रसायनाने तो अवेळी घडवला, तर नुसत्या त्या कापावरून ते ओळखणं फार कठीण.