शिक्षण सुटलं होतं, आता पुन्हा प्रवेश घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नोकरी, मुलं, आजारपण अशा कारणांनी पदवी अर्धवट राहिलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘या वयात घेतील का?’ वयाचं राहू द्या, आधी आपण कोणत्या मार्गाने पात्र ठरतो ते माहितीपुस्तिकेत शोधा. नेहमीची शैक्षणिक अट पूर्ण होत नसेल, तर प्रौढ विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवेश किंवा मुक्त विद्यापीठ आहे का ते पाहा. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी 1971 पासून बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना पूर्वीच्या पदव्या-प्रमाणपत्रांशिवाय प्रवेश देत आलं आहे.

तिसरा मार्ग म्हणजे पूर्वशिक्षणाची मान्यता: कामातून, अनुभवातून आधीच शिकलेलं अभ्यासक्रमात धरलं जाणं. इथेच अर्ज फसतात. ‘वीस वर्षं हिशेब सांभाळले’ या वाक्याला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळत नाही. ताळेबंद तयार केला, लेखापरीक्षणातल्या त्रुटी दूर केल्या, असं लिहा आणि पुरावा जोडा. अभ्यासक्रमात जे शिकायचं ते आपल्याला आधीच येतं, एवढंच समितीला दाखवायचं असतं. म्हणून विषयाचा अभ्यासक्रम समोर ठेवूनच लिहायला बसा.

कागदपत्रांत सगळ्यात आधी जुन्या संस्थेकडे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत उतारा, मागा, कारण वेळ त्यालाच लागतो. संस्था बंद झाली असेल, तर नोंदी कोणाकडे सोपवल्या ते संलग्न विद्यापीठाला विचारा. नाव बदललं असेल, तर त्याचा अधिकृत दाखला हवा. शिफारसपत्र कामावरच्या वरिष्ठांचं चालतं का, ते विचारून घ्या; वीस वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांना आपण आठवणार कुठून! शिक्षणातल्या खंडाबद्दल दोन-तीन वाक्यं पुरतात. माफी मागू नका.

अर्जात ‘पूर्णवेळ की अंशकालीन’ हा रकाना असतो. तो घाईत भरू नका. युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्ष 60 क्रेडिटचं आणि एक क्रेडिट साधारण 25 ते 30 तासांचं, घरचा अभ्यास धरून. म्हणजे निम्मा भार घेतला तरी वर्षाला 750 ते 900 तास. एकही आठवडा सुट्टी न घेता आठवड्याला 14 ते 17 तास! शिष्यवृत्तीला किमान किती क्रेडिट लागतात तेही याच वेळी पाहा. भार कमी केला की ती हातची जाऊ शकते.

जुनी क्रेडिट काही ठिकाणी ठरावीक वर्षांनंतर बाद होतात. त्यामुळे किती क्रेडिट धरली आणि कोणते विषय माफ झाले, हे शुल्क भरण्याआधी लेखी घ्या. नकार आला तर फेरविचाराची मुदत त्याच पत्रात शोधा. ती बहुधा थोड्याच दिवसांची असते.