प्रवासी बोटीत फेरफार: मंजुरीचा अर्ज नेमका कुठे अडतो

"छप्परच तर टाकलंय, त्याला कसली मंजुरी?" असं कुणी म्हणालं की समजावं, याचा अर्ज परत येणार. नद्या-जलाशयांतल्या यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 लागू आहे. बोटीची मजबुती, स्थैर्य किंवा सुरक्षितता यांवर परिणाम करणाऱ्या बदलाला त्यात पूर्वमंजुरी लागते. पूर्व म्हणजे वेल्डरला बोलावण्याआधी! सर्वेक्षण प्रमाणपत्राची मुदत बाकी आहे, हे कारण इथे चालत नाही. ते प्रमाणपत्र तपासलेल्या बोटीचं आहे, तुम्ही नंतर बदललेल्या बोटीचं नाही.

अर्ज, नोंदणीपत्र, सर्वेक्षण प्रमाणपत्र, बदलाचे नकाशे एवढं सगळेच आणतात. घोडं पेंड खातं ते स्थैर्य-पुस्तिकेपाशी, म्हणजे किती भाराला बोट कितपत स्थिर राहते त्याच्या हिशेबापाशी. मिस्त्रीने नजरेच्या अंदाजाने बांधलेल्या बोटीला ती नसतेच, आणि कार्यालय मात्र ती रेशनकार्डासारखी मागतं. नसेल तर नेव्हल आर्किटेक्टकडून, म्हणजे बोटींचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याकडून, बोट मोजून नव्याने करून घ्या. दुसऱ्याच्या पुस्तिकेची झेरॉक्स कृपा करून जोडू नका, मापं जुळत नाहीत.

हा आग्रह मात्र उगाच नाही. भरलेली बोट 20 टनांची असेल आणि 75 किलोचे 20 जण खालून दोन मीटर वरच्या डेकवर गेले, तर गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, 15 सेंटीमीटर वर चढतो आणि बोट कलंडायला सोपी होते. त्यात फोटोसाठी सगळे एकाच कठड्याला गेले तर? इंजिनाचं उलटं आहे. नवं इंजिन हलकं म्हणून मालक खूश, पण तळाचं वजन गेलं तसा तोलही गेला. मग तळात दगड भरतात. बोट खोल बसते आणि काठ पाण्याला टेकायला येतो. केरळात तानूरला 7 मे 2023 रोजी प्रवासी बोट उलटून 22 जण दगावले, ती मुळात मासेमारीची बोट होती.

काम झाल्यावर कल-चाचणी आणि नवं सर्वेक्षण. चाचणीत मोजलेली वजनं आडवी सरकवून लंबक किती ढळतो, म्हणजे बोट किती कलते, ते बघतात. पाणी शांत हवं, दोर सैल, टाक्या रिकाम्या नाहीतर काठोकाठ. अर्ध्या टाकीतलं डिझेल कलत्या बाजूला धावतं आणि आकडा फसतो. तळात साचलेलं पाणी उपसा, जास्तीचं सामान उतरवा, आणि गंमत बघायला चढलेल्या चार जणांनाही.