४३व्या वर्षी अव्वल: रोहन बोपण्णाच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

२९ जानेवारी २०२४ रोजी भारताचा टेनिसपटू रोहन बोपण्णा पुरुष दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. इतक्या वयात पहिल्यांदाच अव्वल ठरलेला खेळाडू त्याआधी झाला नव्हता. यात चमत्कार शोधण्यापेक्षा दुहेरीचे नियम आणि त्याचे गुडघे, या दोन गोष्टी पाहिलेल्या बऱ्या.

बोपण्णा मूळचा कर्नाटकातल्या कोडगूचा, वडिलांचे कॉफीचे मळे. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने रॅकेट हातात घेतली, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या मानाने उशिराच. सर्व्हिसला जोर यावा म्हणून लाकडं फोडायची, दम वाढावा म्हणून मळ्यांतून धावायचं, असा सराव. पुढे पुण्याच्या नंदन बाळ यांचंही मार्गदर्शन मिळालं. उंची सहा फूट चार इंच, त्यामुळे सर्व्हिस हेच त्याचं मुख्य हत्यार झालं.

एकेरीत मात्र तो २१३व्या क्रमांकापुढे सरकला नाही. तरी २०१० मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्ध भारत ०-२ असा मागे पडून २-२ वर आला, तेव्हा डेव्हिस चषकाची, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेची, ती निर्णायक पाचवी लढत त्यानेच जिंकून दिली. त्याच वर्षी पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर तो अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला आणि अमेरिकेच्या ब्रायन बंधूंकडून दोन टायब्रेकमध्ये (सेट ६-६ असा बरोबरीत आला की खेळायचा निर्णायक गेम) हरला. २०१३ मध्ये क्रमवारीत तिसरा, २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोवस्कीबरोबर फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीचं विजेतेपद. पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादीचं विजेतेपद, तेवढं हुकत राहिलं.

दुहेरीत वय का खपतं? एकेरीत दर दुसऱ्या गेमला सर्व्हिस करावी लागते, दुहेरीत दर चौथ्या. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवरही निम्मेच गुण आपल्याला परतवायचे असतात. कोर्ट ८.२३ मीटरऐवजी १०.९७ मीटर रुंद होतं खरं, पण ते दोघांत वाटलं जातं. शिवाय एटीपीच्या (पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या) नेहमीच्या स्पर्धांत ड्यूसला, म्हणजे गेम ४०-४० झाला की, ॲडव्हान्टेज (सलग दोन गुणांची अट) नसतो: एकच गुण निकाल लावतो आणि तो कोणत्या बाजूने घ्यायचा ते परतवणारी जोडी ठरवते. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. सामना आटोपशीर राहतो, पण सर्व्हिसवर एक डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणं) चुकीच्या वेळी पडला की गेमच जातो. म्हणूनच भरवशाची मोठी सर्व्हिस इथे पायांपेक्षा जास्त काळ कमावून देते. ग्रँड स्लॅममध्ये मात्र पूर्ण तिसरा सेट खेळावा लागतो आणि गुडघ्यांचा कस लागतो तो तिथेच.

बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजलेली होती. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती भरून येत नाही; व्हॉलीसाठी (चेंडू टप्पा पडण्याआधीच मारण्यासाठी) खाली वाकताना भार थेट हाडांवर जातो. वेदनाशामक गोळ्या रोजच्याच झाल्या होत्या. २०२०च्या टाळेबंदीत त्याने अय्यंगार योग सुरू केला. ही पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यातच घडवली. पट्टे, दोर, खुर्च्या, लोड यांचा आधार घेऊन त्यात आसन बराच वेळ धरून ठेवता येतं. मांडीचे स्नायू बळकट होतात आणि सांध्यावर आदळता भार येत नाही. झिजलेली कूर्चा यानं परत आली नाही, पण मांड्या भार पेलू लागल्या आणि गोळ्या सुटल्या.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन जोडीदार झाला. इंडियन वेल्सचं विजेतेपद, अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, मग हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. २७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नमध्ये बोलेली-वावासोरी जोडीला ७-६, ७-५ असं नमवून दोघांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. पहिल्या सेटचा टायब्रेक तर ७-० असा एकतर्फी. पहिला क्रमांक मात्र उपांत्य फेरी गाठताच पक्का झाला होता. दुहेरीची क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येकाच्या गेल्या ५२ आठवड्यांच्या गुणांची असते. म्हणून त्या सोमवारी एब्डन त्याच्या मागेच राहिला.

पॅरिस ऑलिम्पिकमधल्या पहिल्याच फेरीतल्या पराभवानंतर बोपण्णाने भारतासाठी खेळणं थांबवलं आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक टेनिसमधूनही निवृत्ती जाहीर केली.