झीगफ्रीड

जर्मन पुरुषनाम. इंग्रजी वळणाने सिगफ्रीड असेही लिहितात. प्राचीन उच्च जर्मनमधील ‘सिगु’ (विजय) व ‘फ्रिदु’ (शांतता, संरक्षण) या घटकांपासून ते बनले. मात्र ‘विजयातून शांती’ असा अर्थ त्यातून ओढून काढू नये. जर्मानिक कुळांत आईबापांच्या किंवा आप्तांच्या नावांतले तुकडे जोडून मुलाचे नाव ठेवण्याची रीत होती. जोडनावाचा सलग अर्थ लागलाच पाहिजे, अशी अपेक्षा नसे.

नावाभोवतीच्या वीरकथेचे दोन प्रवाह आहेत. उत्तरेकडील नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) कथांत नायक सिगुर्ड. या नावाचा उत्तरार्ध ‘रक्षक’ अशा अर्थाचा, म्हणजे वीर एकच असला तरी नाव तंतोतंत तेच नाही. सोन्यावर बसलेल्या फाफनिर या नागासुराला तो मारतो. त्याचे काळीज भाजताना बोट पोळते, ते तो तोंडात घालतो आणि त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते. पालक असलेला लोहार रेगिन दगा देणार, हे पक्ष्यांकडून समजताच तो त्याचाही शिरच्छेद करतो. स्वीडनमधील रामसुंड येथील खडकावर अकराव्या शतकात हे सारे कोरलेले आहे: तोंडातले बोट, झाडावरचे पक्षी, मुंडके उडालेला लोहार. रून या प्राचीन जर्मानिक लिपीतील अक्षरांची पट्टी हेच नागाचे अंग असून सिगुर्ड खालून तिच्यात तलवार खुपसतो. मजकूर मात्र सिग्रीड नावाच्या स्त्रीने पूल बांधल्याचा आहे.

सुमारे १२०० मधील ‘निबेलुंगेनलीड’ या जर्मन महाकाव्यात झीगफ्रीड हा ऱ्हाइनकाठच्या क्सांटेनचा राजपुत्र. नागाच्या रक्ताने न्हाल्यामुळे त्याची कातडी अभेद्य होते. फक्त खांद्यांमध्ये लिंडनचे पान चिकटलेली जागा कोरडी राहते. दुर्योधनाच्या मांडीसारखीच ही गत. तिच्या भावाचा सरदार हागेन त्याचे रक्षण करील, या भोळ्या समजुतीने पत्नी क्रीमहिल्ड त्या जागेवर कपड्यावर खूण शिवते आणि झऱ्यावर पाणी पिताना हागेन नेमका तिथेच भाला मारतो.

इ. स. ५७५ मध्ये खून झालेला फ्रँक राजा सिगेबर्ट हा या वीराचा मूळ पुरुष असावा, असे काही अभ्यासक मानतात. त्याच्या राणीचे नाव ब्रुनहिल्ड होते आणि वीरकथेतही याच नावाची एक प्रमुख स्त्री आहे, एवढे साम्य लक्षणीय. पण नागवधाचा उलगडा त्याने होत नाही.

एकोणिसाव्या शतकात या नावाला नवी झळाळी दिली ती जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरने. त्याची ‘झीगफ्रीड’ ही संगीतिका १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइटला रंगमंचावर आली; १८६९ मध्ये जन्मलेल्या मुलाचेही त्याने हेच नाव ठेवले होते. इंग्रज कवी सिगफ्रीड ससून (जन्म १८८६) याचे नावही आईच्या वाग्नरप्रेमातून आले. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पश्चिम आघाडीवरील आपल्या तटबंदीला झीगफ्रीडचेच नाव दिले आणि एप्रिल १९१७ मध्ये तिथल्याच लढाईत ससून जखमी झाला.