पाँटिल खूण

फुंकून घडवलेल्या काचेच्या बाटलीच्या तळावर, तिला धरणारा दांडा तोडून वेगळा केल्यानंतर उरणारा व्रण म्हणजे पाँटिल खूण. फुगवून झालेली बाटली मानेकडून फुंकनळीला चिकटलेली असते. तिचे तोंड मोकळे करून ओठ घडवायचा, तर तप्त बाटली तळाकडून धरणे भाग पडते. त्यासाठी पाँटिल नावाचा लोखंडी दांडा तळाला चिकटवीत, मान नळीपासून तडकवून सोडवीत, तोंड पुन्हा तापवून त्यावर ओठ बसवीत आणि अखेरीस हलका ठोका देऊन दांडा सुटा करीत. ‘पाँटिल’ हा शब्द फ्रेंच असून ‘बिंदू’ या अर्थाच्या इटालियन शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपापासून तो आला असावा.

या पद्धतीचा उगम सामान्यतः रोमन काळात मानला जातो. काच फुंकण्याची कला इ. स. पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य सागराच्या किनारपट्टीवर उदयास आली. परंतु सुरुवातीच्या अनेक भांड्यांच्या कडा केवळ तडकवून घासलेल्या दिसतात. त्यामुळे पाँटिलचा वापर त्यानंतर काही काळाने, बहुधा इ. स. पहिल्या शतकात रूढ झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जुन्या काचेच्या अभ्यासक ऑलिव्ह जोन्स यांनी १९७१ मध्ये केलेल्या विवेचनात या खुणांचे चार प्रकार येतात. दांड्याच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा लावला असेल, तर खडबडीत, बहुधा भरीव व्रण उरतो. दांड्याऐवजी फुंकनळीच वापरली असेल, तर कंकणाकृती व्रण उमटतो. काचेचा गोळा वाळूत बुडवून लावल्यास तळावर वाळूचे कण रुतलेले आढळतात. गडद हिरव्या मद्याच्या बाटल्यांत हा प्रकार विशेष दिसतो. चौथ्या प्रकारात काचेचा गोळा न लावता उघडे लोखंडच तापवून तळाला टेकवीत. अमेरिकेतील सोडावॉटरच्या बाटल्यांवर तो बराच आढळतो आणि त्याचा काळ साधारणपणे १८४५ ते १८७० असा धरतात.

या चौथ्या प्रकारात तळावर तांबूस, काळसर किंवा पांढुरके पूट राहते आणि त्याच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. संग्राहकांमध्ये ते ग्रॅफाइटचे समजण्याची प्रथा दीर्घकाळ होती; दांडा सहज सुटावा म्हणून त्याला ग्रॅफाइट फासत, असे त्यामागचे गृहीतक. तथापि ग्रॅफाइटला तांबूस रंग येत नाही, उलट तापलेल्या लोखंडावरील ऑक्साइडला तांबडी आणि काळी अशा दोन्ही छटा असतात. म्हणून हे पूट लोहाच्या ऑक्साइडचे असल्याचे मत अधिक सयुक्तिक ठरते. हे पूट म्हणजे घाण समजून आम्लाने किंवा तारेच्या घासणीने काढून टाकले जाते, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे. त्याबरोबर त्या बाटलीचा सर्वांत बोलका पुरावा कायमचा नष्ट होतो.

अनेक बाटल्यांचा तळ आत ढकललेला असतो. त्याची कारणे मजबुती, गाळ साठवणे, कमी द्रव मावणे अशी निरनिराळी सांगितली जातात. मात्र खडबडीत व्रण वर उचलला जाऊन बाटली सपाट बसावी, हे त्यांपैकी सर्वांत साधे कारण होय.

१८५० च्या दशकापासून बाटलीचे अंग बाहेरून कवटाळणारी चिमट्यासारखी पकड प्रचारात आली. ती तळाला चिकटवावी लागत नसल्याने व्रण उरत नाही. तरीही व्रण नसलेली प्रत्येक बाटली त्यानंतरचीच, असे म्हणता येत नाही. अत्तराच्या आणि उंची मद्याच्या बाटल्यांचे तळ मुद्दाम घासून गुळगुळीत केले जात. याउलट, हाताने काच फुंकणारे कारागीर आजही पाँटिल वापरतात, त्यामुळे केवळ व्रणावरून प्राचीनत्व सिद्ध होत नाही.

अमेरिकन संशोधक मायकेल ओवेन्स यांच्या, १९०३ च्या सुमारास सिद्ध झालेल्या, बाटल्या बनवणाऱ्या यंत्रात वितळलेली काच साच्यात शोषून घेतली जाई. त्या बाटल्यांच्या तळावरील वर्तुळ नवख्यांना पाँटिलसारखे भासते. परंतु ते बहुधा मध्यापासून सरकलेले आणि पिसासारख्या नाजूक कडेचे असते, शिवाय साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडावर काचेत उमटणारी रेघ, थेट ओठाच्या माथ्यापर्यंत जाते. बिजागरीने जोडलेल्या दोन भागांच्या साच्यातील जुन्या बाटलीत शिवण तळावरून आडवी जाते, आणि पाँटिल खूण खरी असेल तर ती या शिवणीच्या वर बसून तिला मध्येच झाकते किंवा पुसते.