नदीकाठी मुक्काम, पण तंबू पाण्यापासून दूर का?

आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या बहुतेक मंडळींचा पहिला प्रश्न एकच असतो. 'आम्ही नदीकाठची जागा मागितली होती, मग तंबू इतका वर, झाडीच्या कडेला का?' प्रश्न रास्त आहे. तंबूचे दार उघडताच समोर पाणी दिसावे, त्याच्या आवाजाने जाग यावी, या ओढीनेच माणूस रानात राहायला येतो, आणि छायाचित्रांतले तंबूही नेहमी पाण्याला टेकलेलेच असतात. तरीही खालच्या वाळूच्या पट्ट्यावर रात्रीचा तंबू आम्ही लावू देत नाही, आणि हा नियम कोणासाठीही सैल करत नाही. तोच खुलासा प्रत्येक गटापुढे तोंडी करण्यापेक्षा एकदा नीट लिहून हाती द्यावा, म्हणून हे पत्रक काढले आहे. तंबू उभारणे, सामान बांधणे, चूल मांडणे यांची आपल्याला सवय आहे, असे आम्ही धरून चालतो.

वाळूचा पट्टा काठासारखा दिसला तरी तो नदीच्या पात्राचाच भाग आहे. तो सपाट, मऊ आणि मोकळा आहे याचे कारणच हे, की नदी अधूनमधून तेथून वाहते आणि झाडाला मूळ धरू देत नाही. पाणी वाढायला आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरात सरी कोसळल्या, तर ते पाणी काही तासांनी खाली येऊन पोहोचते, आणि तेव्हा येथे स्वच्छ चांदणे पडलेले असू शकते. ज्या नद्यांवर वर धरण आहे, तेथे तर दारे उघडल्याचे आकाशाकडे पाहून कळण्याचा प्रश्नच नाही. त्यातच वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वेगाने वाहणारे 15 सेंटिमीटर पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. झोपेतून उठून अंधारात चपला शोधणाऱ्या माणसाची गोष्ट तर सोडूनच द्या.

आपण आलात की जागा दाखवण्यापूर्वी आम्ही आपल्याला काठाने थोडे फिरवून आणतो. काहींना तो वेळकाढूपणा वाटतो, पण त्या फेरीत आम्ही झुडपांच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत, काटक्या आणि चिंध्या दाखवतो. तो कचरा जितक्या उंचीवर आहे, तितके पाणी पूर्वी कधीतरी तेथवर चढले होते, इतके हे वाचन सोपे आहे, आणि एकदा जमले की कोणत्याही नदीवर उपयोगी पडते. तंबू लावण्याचे आमचे सगळे ओटे या खुणांच्या वर आहेत. पाणी चढू लागल्याची लक्षणेही ओळखून ठेवावीत. निवळ पाणी गढूळ होते, पाने आणि काड्या वाहत येऊ लागतात, खडकांवरचा खळखळाट बदलून घुमा आवाज येऊ लागतो. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी. दर अर्ध्या तासाने तिच्याकडे पाहिले, तरी नदीचा कल समजतो.

आता ज्या प्रकारात आमचा सर्वांत जास्त वेळ जातो, त्याविषयी. संध्याकाळी आम्ही तंबू वर उभारून देतो, सर्वजण मान डोलावतात, आणि आमची माणसे परतल्यावर काही मंडळी तो उचलून हळूच वाळूवर नेतात. अशाच एका मध्यरात्री पाणी जेमतेम हातभर चढले. कोणाला इजा झाली नाही, पण आमची चार माणसे भिजलेली अंथरुणे वर वाहून आणण्यात आणि वाहून गेलेले बूट शोधण्यात पहाटेपर्यंत अडकली, आणि सकाळी गुहांकडे जाणारी फेरी रद्द करावी लागली. त्या फेरीसाठी तयार होऊन बसलेल्या इतर दोन कुटुंबांचा यात काहीच दोष नव्हता. त्यामुळे आता निजानीज होण्यापूर्वी आमचा माणूस एक फेरी मारतो. आपल्यावर पाळत ठेवावी असा त्यात हेतू नाही, एवढे कृपया समजून घ्यावे.

पाण्याचे भय बाजूला ठेवले, तरी वरची जागा अधिक सुखाची आहे. सूर्य मावळल्यावर थंड झालेली हवा जड असल्याने उतारावरून खाली सरकते आणि पात्राच्या खोलगट भागात साचते. त्यामुळे काही मीटर उंचीवरसुद्धा रात्र कमी बोचरी असते आणि पहाटेचे धुकेही तेथे विरळ असते. 'तंबू गळतो' ही तक्रार आमच्याकडे पाऊस नसलेल्या रात्रींतूनच अधिक येते, हे येथे सांगितले पाहिजे. ते पाणी बाहेरून येत नाही. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचे थेंब होतात, आणि थंडीच्या भीतीने आपण सगळ्या झडपा बंद केल्या की ते टपकू लागतात. वरची झडप चार बोटे उघडी ठेवावी. झाडाखाली दंव कमी पडते, मात्र झाड निवडताना वर पाहावे लागते, कारण वाळलेली फांदी वारा नसतानाही मोडून पडते. आमच्या ओट्यांवरच्या अशा फांद्या आम्ही हंगामापूर्वी उतरवून घेतो.

वाळूवर दिवसा बसायला आमची हरकत नाही, उलट त्यासाठी सावलीची कापडे आणि दोर आम्ही देतो. वाळूत साधी खुंटी टिकत नाही. दोर पिशवीला बांधून, पिशवी वाळूने भरून खोल पुरली, तर कापड वाऱ्यात तग धरते. शेकोटी मात्र आम्ही आखून दिलेल्या जागीच करावी आणि पाणी ओतून, ढवळून, राख हाताला गार लागेपर्यंत विझवावी. निखाऱ्यांवर वाळू लोटली की ते विझत नाहीत, झाकले जातात, आणि तासन्‌तास तापलेल्या त्या वाळूवर दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाचा अनवाणी पाय पडतो. चुलीला नदीतले ओले दगड लावू नयेत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. साबण, अगदी निसर्गात विघटन होणाऱ्या प्रकारचाही, पाण्यात वापरू नये, कारण त्याचे विघटन व्हायला माती लागते. भांड्यांचे पाणी काठापासून निदान 60 मीटर दूर ओतावे. नदीचे पाणी कितीही निवळशंख दिसले, तरी गाळून आणि खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळूनच प्यावे.

आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मुक्कामाइतकेच लोक त्यासाठीही येतात. धबधबा, गुहा, डोंगरमाथ्यावरून दिसणारे नदीचे वळण, जुना दगडी पूल, हे सगळे एका दिवसात उरकण्याचा बेत आम्हाला नेहमी ऐकायला मिळतो. तेथेही घोटाळा पाण्यामुळेच होतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची उथळ जागा, पार केला, म्हणजे संध्याकाळीही तो तसाच मिळेल, असे गृहीत धरले जाते. दुपारनंतर डोंगरात पाऊस झाला तर मिळत नाही, आणि मग पलीकडे अडकलेल्या मंडळींसाठी आम्हाला लांबच्या पुलाने गाडी पाठवावी लागते. पलीकडची ठिकाणे म्हणून सकाळीच पाहून यावीत, अलीकडचा धबधबा दुपारसाठी ठेवावा. उतारावर वाहते पाणी 30 सेंटिमीटर असले, तरी लहान मोटार तरंगू लागते. अशा वेळी 'समोरची गाडी गेली' या आधारावर आपली गाडी घालू नये.

चालण्याच्या वेळेचा अंदाज विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेल्या नियमाने बांधता येतो. सपाटीवर पाच किलोमीटरांना एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. यात विसावा, छायाचित्रे आणि लहान मुले धरलेली नाहीत, त्यामुळे आम्ही आपल्याला जो वेळ सांगतो तो या हिशेबापेक्षा जास्त असतो, आणि अनुभवाने तोच खरा ठरतो. घड्याळ जवळ नसेल, तर हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटे मोजावीत. एका बोटाला ढोबळमानाने पंधरा मिनिटे. चार बोटे उरली की जेथे असाल तेथून परत फिरावे. गुहांकडे जाताना आमचा वाटाड्या घेतल्यास बरे; उताराचे पाणी सकाळी तो स्वतः जाऊन पाहून येतो, आणि पावसाची चिन्हे असली, तर वरच्या पुलाची वाट त्याला पायाखालची आहे.

सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास येथे पोहोचावे, म्हणजे काठाची फेरी उजेडात होते आणि ओटा आपल्या पसंतीने निवडता येतो. झोपल्या जागेवरून नदी दिसेल असे ओटे मोजकेच आहेत आणि ते आधी येणाऱ्याला मिळतात. तोच ओटा हवा असल्यास नावनोंदणी करतानाच तसे सांगावे. आम्ही तो आपल्यासाठी संध्याकाळपर्यंत राखून ठेवतो.